विषादरोधक औषधे आणि देहभार : एका लक्षणाच्या अर्थांतराचा इतिहास

दीर्घ दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाहून मराठीत 'आता तब्येत सुधारली' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बोलणाराच्या मनात बहुधा त्या माणसाचे वाढलेले वजन असते. अन्न 'अंगी लागते', अशक्त मूल 'अंग धरते', स्तुती ऐकून 'अंगावर मूठभर मांस चढते'. उलटपक्षी माणूस चिंतेने वाळतो आणि दुःखाने खंगतो. सुखाची पुष्टीशी व दुःखाची कृशतेशी अशी गाठ आपल्या भाषेने फार पूर्वीच मारून ठेवली आहे. ती केवळ लोकसमजुतीची आहे असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, 'अष्टौनिंदितीय' या अध्यायात अतिस्थौल्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत गुरू, मधुर व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे आणि बीजस्वभाव यांच्या जोडीला नित्य हर्ष व चिंतेचा अभाव यांचीही गणना केलेली आढळते. चरकाने स्थौल्याचा गौरव मात्र केलेला नाही. अतिस्थूल देह निंदित देहांतच मोडतो, आणि स्थूल व कृश या दोहोंत कृश बरा असे त्याचे मत आहे.

हा संदर्भ आरंभीच देण्याचे कारण असे की, गेल्या सुमारे सत्तर वर्षांत विषादरोगावर (ज्याला आता घरोघर डिप्रेशन म्हणतात) जी औषधे प्रचारात आली, त्यांच्या इतिहासात हीच गाठ सोडविण्याचा प्रसंग वारंवार आला आहे. औषधाने रुग्णाचे मन सावरते, त्याला झोप लागते, तो जेवू लागतो; आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण सांगू लागतो की, कपडे अंगात बसेनासे झाले, वजन काट्यावर आठ-दहा किलोंनी वाढले, आता हे औषध नको. या तक्रारीकडे वैद्यकाने कसे पाहिले, तिला लक्षण मानले की रोगमुक्तीची खूण मानली, आणि तिला 'दुष्परिणाम' हे नाव मिळण्यास इतका काळ का लागला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु वजनाच्या भयाने औषध सोडणारा रुग्ण पुन्हा विषादात लोटला जाण्याचा धोका असतो, आणि विषादरोगाची परिणती कोठपर्यंत जाऊ शकते हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे या तक्रारीला कान देणे वा न देणे ही गोष्ट रुग्णाच्या जिवाशी जाऊन भिडते.

औषधांच्या पूर्वकाळापासून आरंभ करणे इष्ट होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे वैद्य सायलस विअर मिचेल यांनी ज्ञानतंतूंच्या दुर्बलतेवर 'विश्रांतीचिकित्सा' प्रचारात आणली. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच 'मेद' आणि 'रक्त' हे दोन शब्द आहेत. रुग्णाला, आणि ही रुग्ण बहुधा स्त्री असे, कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवावयाचे, लोकांशी व पुस्तकांशी संबंध तोडावयाचा, आणि भरपूर दूध व सकस अन्न देऊन तिचे वजन वाढवावयाचे, असा हा उपचार होता. वजन वाढणे हेच येथे साध्य. या उपचारातून गेलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८९२ साली त्या अनुभवावर आधारलेली जी कथा लिहिली, ती आज स्त्रीवादी साहित्यात मान्यता पावली आहे; त्या कथेतील नायिकेला कोणी विचारीत नाही की, तुला काय होते आहे. युरोपातील मनोरुग्णालयांतही वजनाकडे बारकाईने लक्ष दिले जाई. एमिल क्रेपेलिन याने रुग्णांच्या वजनाचे आलेख काढून रोगाच्या चढउतारांशी त्यांची सांगड घातली. विषादाच्या काळात वजन घटते आणि बरे वाटू लागताच चढते, ही गोष्ट या आलेखांनी ठसविली. मन न सुधारता नुसते वजन वाढत असेल तर ते अशुभ, असा एक अपवादही त्या काळचे वैद्य सांगत असत. मन सुधारले आहे आणि तरीही वजन वाढणे अनिष्ट आहे, ही तिसरी शक्यता त्यांच्या चौकटीत नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांतही रुग्णांचे वजन घेतले जाई, आणि वाढलेला आकडा हा व्यवस्था नीट चालल्याचा पुरावा म्हणून वरिष्ठांपुढे ठेवण्यासारखा असे. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नातील मान्फ्रेट झाकेल याने सुरू केलेल्या इन्शुलिन-मूर्च्छा उपचारात रुग्ण लठ्ठ होत. त्याबद्दलही कोणी फारशी खंत केल्याचे दिसत नाही.

अशा वातावरणात पहिले विषादरोधक औषध जन्मास आले, आणि तेही क्षयरोगाच्या रुग्णालयात. हा योगायोग या इतिहासाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली एडवर्ड रोबिट्झेक व अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी आयसोनियाझिड व इप्रोनियाझिड या दोन हायड्राझिनजन्य द्रव्यांचा क्षयरोग्यांवर प्रयोग केला. आशा सोडलेले रोगी उठून बसू लागले, त्यांची भूक खवळली, वजने झपाट्याने वाढली. रुग्णालयात नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. आता क्षय या शब्दाचा अर्थच मुळी झिजणे असा आहे. क्षयाच्या आरोग्यधामात, मग ते स्वित्झर्लंडमधील असो की मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे असो, रोग्याचे आणि वजनकाट्याचे नाते हे परीक्षार्थी आणि निकाल यांच्या नात्यासारखे असे. काट्यावर वाढलेला प्रत्येक पौंड म्हणजे जीविताची वाढलेली आशा. त्यामुळे इप्रोनियाझिडचा मनावरील परिणाम व वजनावरील परिणाम हे दोन्ही प्रथम एकाच शुभवार्तेची दोन अंगे म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षी अल्बर्ट झेलर याने हे द्रव्य मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोधते असे दाखविले. पुढे १९५७ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी क्षय नसलेल्या विषादग्रस्तांना ते देऊन त्यास 'मनाला ऊर्जा देणारे' औषध असे म्हटले. काविळीच्या उपद्रवामुळे १९६१ साली अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. पण वर्ग स्थापन झाला होता.

क्लाइन यांच्या नावाबरोबर एक भारतीय धागा येतो, तो येथे सोडून देणे योग्य होणार नाही. क्लाइन यांची पहिली कीर्ती सर्पगंधेमुळे झाली होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील सर्पगंधेचा गुण प्रसिद्ध केला. मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ साली क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रिसर्पिनने काही रुग्णांना विषाद जडतो, ही निरीक्षणे पुढे विषादाच्या रासायनिक उपपत्तीला आधारभूत ठरली. त्याच रिसर्पिनच्या नोंदलेल्या परिणामांत वजन वाढणे हाही एक आहे. म्हणजे विषाद आणणारे द्रव्य वजन वाढविते, आणि विषाद घालविणारे द्रव्यही वजन वाढविते! वजनाचा मनःस्थितीशी सरळ संबंध जोडणाऱ्यांनी या विसंगतीचा त्या काळीच विचार केला असता, तर पुढील वीस वर्षांचा घोळ बराच टळता.

दुसरा वर्ग त्रिवलयी औषधांचा. त्याचा वंशवृक्ष लक्षात घेतल्याशिवाय वजनवाढीचे कारण उलगडत नाही, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. १९४० नंतरच्या दशकात सर्दी, पित्त, गांधी यांवर हिस्टामिनरोधक औषधांचा शोध जोरात चालला होता. त्यांतील फिनोथायझिन वर्गातूनच १९५० साली फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी क्लोरप्रोमझिन बनविले, आणि १९५२ साली पॅरिसच्या सांत-आन रुग्णालयात जाँ दले व पिएर देनिकेर यांनी त्याचा उन्मादावरील गुण प्रस्थापित केला. बाझेलच्या गायगी कंपनीपाशी अशाच रचनेचे, इमिनोडायबेंझिल वर्गातील एक द्रव्य होते. ते स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांट कून यांच्याकडे तपासणीसाठी गेले. उन्मादावर ते निरुपयोगी ठरले. १९५६ साली कून यांनी ते विषादग्रस्तांना दिले आणि १९५७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हेच इमिप्रमिन. झुरिच येथे भरलेल्या जागतिक मानसोपचार परिषदेत त्यांचे व्याख्यान ऐकण्यास जेमतेम डझनभर श्रोते होते, असे सांगतात. कून यांच्या प्रयोगांना दुसरीही बाजू आहे. म्युन्स्टरलिंगेन येथे अनेक दशके रुग्णांवर, त्यांची योग्य संमती न घेता, मोठ्या संख्येने नव्या द्रव्यांच्या चाचण्या झाल्याचे थुर्गाऊ प्रांताने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सिद्ध केले आहे. ज्या व्यवस्थेत रुग्णाला काय दिले जात आहे हेच सांगितले जात नव्हते, त्या व्यवस्थेत 'मला हे काय होत आहे' असे सांगणाऱ्या रुग्णाचा आवाज कागदावर कितपत उतरला असेल, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात बाळगावा.

१९६१ साली अमेरिकेत अमिट्रिप्टिलिन बाजारात आले. त्याच्या प्रसारासाठी मर्क कंपनीने फ्रँक एड यांचे विषादरोगी कसा ओळखावा हे सांगणारे पुस्तक पन्नास हजार प्रती विकत घेऊन वैद्यांत वाटले. हे औषध गुणकारी होते, झोप आणणारे होते, आणि वजन वाढविण्यात अग्रेसर होते. कारण त्याच्या वंशातच होते. या औषधांचे रेणू मेंदूतील सिरोटोनिन व नॉरअॅड्रिनलिन यांच्या पुनर्ग्रहणास अडवितात, तसेच ते हिस्टामिनच्या 'एच-१' ग्राहीलाही बांधून ठेवतात. मेंदूतील हिस्टामिन जागेपणा राखते व भुकेला आवर घालते. ते रोधले की पेंग येते आणि भूक सुटते. आपल्याकडे न जेवणाऱ्या मुलांना भूक लागावी म्हणून सायप्रोहेप्टॅडीन हे औषध वर्षानुवर्षे दिले गेले. ते मुळात हिस्टामिनरोधकच आहे. १९९५ साली सिरोटोनिनची '२-सी' ही ग्राही नसलेले उंदीर अतिखादाड व लठ्ठ होतात असे आढळून आले. त्रिवलयी औषधांपैकी काही, आणि १९९० नंतरच्या दशकातील मिर्टाझपिन, या दोन्ही ग्राहींना कमीअधिक प्रमाणात रोधतात. रुग्णाच्या जिभेचे चोचले, त्याचा आळस, त्याची इच्छाशक्ती यांवर ठपका ठेवणाऱ्यांनी हे रसायन ध्यानी घेतले पाहिजे. भूक ही येथे औषधाने आणलेली असते.

असे असूनही वैद्यकाला ही गोष्ट दिसण्यास वेळ का लागला? एक कारण मोजण्याच्या साधनात सापडते. १९६० साली लीड्सचे मॅक्स हॅमिल्टन यांनी विषादाची तीव्रता मोजण्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. आजतागायत औषधांच्या चाचण्यांत तिचाच आधार घेतला जातो. तिच्या सतरा कलमांत अन्नद्वेषाचे एक कलम आहे आणि वजन घटण्याचे एक आहे. निद्रानाशाला तर तीन कलमे दिली आहेत. वजन वाढण्याला मात्र एकही नाही. दहा किलो वाढलेला रुग्ण या पट्टीवर 'वजन घटले नाही' म्हणून शून्य गुण मिळवितो, आणि शून्य म्हणजे निरोगी. झोप आणणाऱ्या व भूक वाढविणाऱ्या औषधाला ही मोजपट्टी जणू पदरचे गुण देऊन उत्तीर्ण करीत होती. हॅमिल्टन यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोरचे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले, बहुधा खंगलेले असत. विषादात भूक वाढू शकते ही गोष्ट १९५९ साली लंडनचे वेस्ट व डॅली यांनी 'अनियमित' विषादाचे वर्णन केले त्यानंतर हळूहळू मान्य होत गेली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत वजन घटणे व वाढणे ही दोन्ही लक्षणे शेजारी-शेजारी स्थान पावली.

या काळातील आणखी एक विचित्र गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. विषादरोधकांच्या रुग्णाला आहाराचे पथ्यपत्रक मिळू लागले ते वजनासाठी नव्हे, तर चीजसाठी. मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधक औषध घेणाऱ्याने जुने चीज खाल्ले की रक्तदाब एकदम चढतो, हे १९६३ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल यांनी दाखवून दिले. त्या शोधाला एका औषधविक्रेत्याच्या पत्राचे साहाय्य झाले होते. त्या औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीची डोकेदुखी व तिचे जेवण यांचा संबंध जोडला होता. घरातल्या माणसाच्या निरीक्षणाला वैद्यकाने मान दिल्याचे हे उदाहरण वजनाच्या बाबतीत मात्र गिरविले गेले नाही.

१९७३ साली युजीन पेकेल व सहकारी यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त अमिट्रिप्टिलिन, वजनवाढ व पिष्टमय पदार्थांची ओढ यांवर लेख लिहिला आणि शीर्षकातच तिला आनुषंगिक परिणाम म्हणून घोषित केले. अकरा वर्षांनी, १९८४ साली, बर्कन, वाइनस्टाइन व स्टर्न यांच्या लेखाचे शीर्षक जवळजवळ तेच : वजनवाढ हा त्रिवलयी औषधांचा आनुषंगिक परिणाम आहे. एखादी गोष्ट अकरा वर्षांच्या अंतराने पुन्हा शीर्षकात ओरडून सांगावी लागते, तेव्हा मधल्या काळात ती कोणी मनावर घेतली नव्हती असे अनुमान करण्यास हरकत नसावी. १९८४ च्या लेखातील रुग्ण चाळीसच होते, पण नोंदी मोलाच्या आहेत. सरासरी सहा महिन्यांच्या उपचारात औषधाप्रमाणे दरमहा १.३ ते २.९ पौंड वजन वाढत गेले. ते सरळ रेषेत वाढत गेले. गोडाची ओढ वाढली. औषध बंद होताच वजन उतरले. आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांनी वजनाच्या कारणाने औषध थांबविण्याची इच्छा दर्शविली. विषाद जाऊन पूर्ववत खाणे सुरू झाले की वजन आपोआप जुन्या जागी येऊन थांबते, या समजुतीला 'सरळ रेषेत' या दोन शब्दांनी छेद दिला. पूर्वीची तूट भरून निघण्याचा प्रश्न असता तर रेषा कोठेतरी आडवी झाली असती.

१९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्झेटीनला मान्यता मिळाली आणि नव्या वर्गाचे युग सुरू झाले. हिस्टामिनच्या वंशापासून हे औषध दूर होते. पहिल्या आठवड्यांत त्याने वजन थोडे घटते असे दिसल्यामुळे लठ्ठपणावरही त्याच्या चाचण्या झाल्या. पण वर्षभराच्या चाचणीत आरंभी उतरलेले वजन उत्तरार्धात परत आले. विषादरोधक औषधे म्हणजे लठ्ठपणा ही भीती आता इतिहासजमा झाली, असा समज काही काळ पसरला. तो टिकला नाही. २००० साली मॉरिझिओ फावा व सहकाऱ्यांनी याच वर्गातील तीन औषधांची दीर्घ तुलना केली. शरीरभाराच्या सात टक्के वा अधिक वाढ झालेल्यांचे प्रमाण पॅरोक्झेटीनवर २५.५ टक्के, फ्लुओक्झेटीनवर ६.८ टक्के व सर्ट्रालिनवर ४.२ टक्के निघाले. एकाच नावाखाली मोडणाऱ्या औषधांत एवढे अंतर असेल तर 'या वर्गाने वजन वाढत नाही' या विधानाला अर्थ उरत नाही. ब्युप्रोपिऑनची कथा याहून निराळी आहे. १९८५ साली मान्य झालेले हे औषध पुढच्याच वर्षी फेफऱ्याच्या झटक्यांमुळे मागे घ्यावे लागले. हे झटके विशेषेकरून अधाशीपणे खाऊन ओकारी काढण्याचा विकार असलेल्या रुग्णांच्या चाचणीत दिसले होते. १९८९ साली मात्रा मर्यादित करून ते परत आले. ते वजन वाढवीत नाही, किंबहुना किंचित घटविते. २०१४ साली नाल्ट्रेक्झोनच्या जोडीने त्याला लठ्ठपणावरील औषध म्हणूनच अमेरिकेत मान्यता मिळाली.

गेल्या काही वर्षांत संगणकीय नोंदींमुळे या प्रश्नाचे मोजमाप मोठ्या प्रमाणावर शक्य झाले आहे. ब्रिटनमधील २,९४,७१९ प्रौढांच्या नोंदी तपासणारा गफूर, बूथ व गलिफर्ड यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत पाच टक्के वा अधिक वजनवाढीचा दर, इतर घटकांचा हिशेब केल्यावर, न घेणाऱ्यांच्या १.२१ पट आढळला, आणि धोका सर्वांत अधिक होता तो उपचाराच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी. २०२४ साली अमेरिकेतील १,८३,११८ रुग्णांवरील अभ्यासात आठ औषधांची तुलना झाली. सर्ट्रालिनच्या मानाने एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्झेटीन व ड्युलोक्झेटीन यांवर सहा महिन्यांत पाच टक्के वाढीचा संभव दहा ते पंधरा टक्क्यांनी अधिक, तर ब्युप्रोपिऑनवर कमी निघाला. सरासरी फरक अर्ध्या किलोच्या आतबाहेरचे होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वृत्तपत्रांतून याचे जे भयसूचक वर्णन झाले त्याला हे आकडे आधार देत नाहीत. परंतु सरासरी ही ज्यांचे काहीच वाढले नाही आणि ज्यांचे दहा किलो वाढले त्या दोघांची मिळून होते. २०२५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या तीस औषधांच्या तौलनिक विश्लेषणात एका टोकास अॅगोमेलाटीन आणि दुसऱ्या टोकास मॅप्रोटिलिन यांत सुमारे चार किलोंचे अंतर दिसले. त्यातील चाचण्यांचा मध्यम कालावधी आठ आठवडे होता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उद्भवणारी गोष्ट आठव्या आठवड्यात शोधणे, हा या क्षेत्राचा जुना दोष अद्याप पुरता गेलेला नाही.

नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध करणे अवघड असते, हा आक्षेपही रास्त आहे. २०१० साली लुपिनो व सहकाऱ्यांनी केलेल्या संकलित विश्लेषणात लठ्ठपणाने पुढे विषादाचा संभव ५५ टक्क्यांनी, आणि विषादाने पुढे लठ्ठपणाचा संभव ५८ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. रोग, औषध आणि काळ हे तिघे एकाच तागडीत बसलेले असताना एकाचे वजन वेगळे काढणे सोपे नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते, औषधागणिक आढळणारे अंतर हा पुरावा निर्णायक आहे. दोष सगळा रोगाचा असता तर पॅरोक्झेटीन व सर्ट्रालिन यांत चौपटीहून अधिक फरक पडता ना.

या तक्रारीशी रुग्णांनी व वैद्यांनी कसा सामना केला याचा इतिहास लिहिणे त्यामानाने कठीण आहे, कारण तो बराचसा अलिखित आहे. सर्वांत जुना व सर्वांत घातक मार्ग म्हणजे कोणास न सांगता गोळ्या बंद करणे. त्यात रोग उलटण्याचे भय आहेच. शिवाय एकाएकी औषध तोडल्याने चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे उपद्रव होतात आणि रुग्ण त्यांनाच रोग समजतो. मात्रा हळूहळू उतरविणे, दुसऱ्या औषधावर जाणे, हे निर्णय चिकित्सकाच्या सहाय्याने घेतले गेले तेव्हाच पथ्यकर झाले. आता औषध निवडतानाच वजनाचा विचार करता येतो : खंगलेल्या, अन्नावर वासना नसलेल्या वृद्धाला मिर्टाझपिनची भूक वरदान ठरते, तीच मधुमेही रुग्णास शाप होऊ शकते. व्यायामाला येथे दुहेरी स्थान आहे. १९९९ साली ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लूमेंथाल व सहकाऱ्यांनी १५६ प्रौढ व वृद्ध विषादग्रस्तांवर केलेल्या चाचणीत सोळा आठवड्यांअखेर नियमित व्यायामाचा गट व सर्ट्रालिनचा गट यांची सुधारणा तुल्य निघाली. पण अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला पहिल्याच दिवशी पाच मैल चालण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. औषधाने उठण्याचे बळ येते, आणि त्यानंतरच चालणे शक्य होते. मेटफॉर्मिनसारख्या औषधांची जोड देण्याचा जो प्रघात आहे, त्याचा पुरावा मुख्यतः उन्मादविरोधी औषधांच्या रुग्णांकडून आलेला आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात पुण्यातील एका निरीक्षणाचे विस्मरण होऊ नये. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही देहभारांक २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. भारतीय देह बाहेरून कृश दिसत असता आतून मेदस्वी असू शकतो, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी अतिभाराची मर्यादा २३ वर व लठ्ठपणाची २५ वर आणली. वर उल्लेखिलेले बहुतेक आकडे ब्रिटिश व अमेरिकन देहांचे आहेत. साठ किलोंच्या पुणेकराची पाच टक्के वाढ म्हणजे तीन किलो. ते तीन किलो पोटावर बसले तर मधुमेहाच्या दृष्टीने त्यांची किंमत लंडनकराच्या तीन किलोंइतकी राहत नाही.

याखेरीज घराचा प्रश्न आहे. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे तूप-मेतकूट-भात, शिरा, डिंकाचे लाडू यांनी भरविले जाते, आणि तो दोन घास जास्त जेवला की आईला समाधान वाटते. सहा महिने ताटावरून उठून गेलेला मुलगा पुन्हा मागून घेऊन जेवू लागतो, तेव्हा त्याच्या पानात वाढणाऱ्या हाताला थांबविणे कोणत्या पथ्यपत्रकाला शक्य आहे? त्याच वेळी बाहेर, लग्नकार्यात, हाच मुलगा किंवा विशेषतः ही मुलगी 'किती सुटलीस!' हे शब्द ऐकते. औषधाची गोष्ट घराबाहेर सांगण्याची सोय नसल्यामुळे त्या शब्दांना उत्तर देता येत नाही. एकाच वजनाला घरात सुधारणा आणि बाहेर अवनती असे दोन अर्थ प्राप्त होतात, आणि ते दोन्ही रुग्णाने गिळावयाचे असतात. याविषयीची मराठी साधने, म्हणजे रुग्णपत्रिका, पत्रव्यवहार, तोंडी आठवणी, अद्याप कोणी पद्धतशीर गोळा केलेली नाहीत असे दिसते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घेण्याजोगा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने संमतीची जी व्याख्या केली आहे, तीत उपचाराचे लाभ, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला आधी देणे अंतर्भूत आहे. ही माहिती वजनाच्या बाबतीत द्यावयाची तर पहिल्या भेटीतच वजन व कमरेचा घेर यांची नोंद रुग्णपत्रिकेवर व्हावयास हवी. काट्याला एक मिनिट लागते. ती नोंद नसेल तर सहा महिन्यांनी 'माझे वजन या औषधाने वाढले' असे सांगणाऱ्या रुग्णापाशी आपल्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा राहत नाही, आणि चिकित्सकापाशीही त्याचे म्हणणे खरे वा खोटे ठरविण्यास काहीच आधार उरत नाही.